माशाचा डोळा आणि हिऱ्याचं पाणी

"मॅडम, फोर सी माहीत आहेत ना?"

आम्ही खुर्चीवर नीट टेकलोही नव्हतो तोवर काउंटरमागच्या मुलाने विचारलं. वहिनी 'हो' म्हणाली, कारण 'नाही' म्हणायला तिला संकोच वाटला. भाचीने आदल्या रात्री मोबाईलवर बरंच वाचलं होतं, तिचं 'हो' खरं होतं. मी गप्प बसले. मुलाने लॅमिनेट केलेला तक्ता पुढे सरकवला. कॅरेट, कट, कलर, क्लॅरिटी. प्रत्येकाखाली हिऱ्यांची एक रांग, डावीकडे उत्तम, उजवीकडे जाऊ तसं कनिष्ठ. पाच मिनिटांत शिकवणी आटोपली. मग हसून म्हणाला, "आता तुम्हाला सगळं कळलं. तुम्हीच ठरवा."

आषाढातली दुपार, मडगावातलं एक मोठं दुकान. दुकानाचं नाव सांगून काही साधणार नाही. असाच तक्ता पणजीतही मिळेल आणि म्हापशातही.

त्याच सकाळी वहिनी मासळी बाजारात जाऊन आली होती. तिथे तिला कुणी तक्ता दाखवत नाही. पाटीवरची इसवण ती बोटाने दाबून बघते, कल्ला उचलून आतला लालपणा बघते आणि शेवटी डोळा बघते. डोळा फुगीर आणि स्वच्छ असला तर मासळी ताजी, खोल गेलेला आणि दुधाळ असला तर कालची. मासळीवाली "पळय गो बाये, ताजी आसा" म्हणत राहते आणि वहिनी पुढच्या पाटीकडे सरकते. दुपारच्या हुमणासाठी ती तीन पाट्या पालथ्या घालते. आणि लाखाच्या वर किंमत असलेल्या खड्यासमोर नुसती मान डोलावते.

यात वहिनीचा दोष नाही. चाळीस वर्षं तिने एक मासळी दुसरीच्या शेजारी ठेवून पाहिली आहे, म्हणून तिला मासळी कळते. हिरा विकत घ्यायची वेळ आयुष्यात दोनदा-तीनदा आली असेल, तीही लग्नाच्या गडबडीत. 'जागो ग्राहक जागो' म्हणून सरकार आपल्याला हाका मारतं, दुकानं 'आधी शिका, मग घ्या' म्हणून तक्ते वाटतात, आणि फसगत झालीच तर दोघंही म्हणतात की तुम्हीच नीट शिकला नाहीत. माझा आक्षेप इथेच आहे. तक्त्यावरून जी शिकवली जाते ती विकणाऱ्याची परिभाषा असते. परिभाषा आली म्हणून पारख येत नाही. आणि हिऱ्यात एक गोष्ट अशी आहे जी कितीही शिकलं तरी ग्राहकाला डोळ्यांनी ओळखता येणार नाही. तिचा भार त्याच्या माथ्यावर टाकणं हा अन्याय आहे.

माझी सगळी नोकरी खनिजाच्या प्रयोगशाळेत गेली. हिऱ्याच्या गोष्टीत लोहखनिज कुठून आलं असं वाटेल, पण तिथली एक पद्धत सांगण्यासारखी आहे. मांडवी-झुवारीतून बार्ज मुरगावला यायच्या, जहाज भरायला लागायचं, आणि पट्ट्यावरून धावणाऱ्या मालातून ठरावीक अंतराने नमुना उचलला जायचा. तो दळून त्याचा शंकूसारखा ढीग करायचा, तो वरून दाबून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, उरलेले दोन टाकायचे. पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. शेवटी मूठभर भुकटी उरायची, ती तीन पाकिटांत सीलबंद व्हायची. एक आमचं, एक खरेदीदाराचं आणि तिसरं पंचाचं. आमच्या आणि त्यांच्या आकड्यात करारापेक्षा जास्त तफावत आली तर पंचाचं पाकीट फुटायचं. टक्का-अर्धा टक्का लोह कमी भरलं तरी भाव कापला जायचा. जपानी असो की चिनी, कुठल्याही खरेदीदाराने आमचा तक्ता बघून "हो, कळलं" म्हटलेलं मला आठवत नाही. त्यांचा आमच्यावर अविश्वास होता असंही नाही. विकणाऱ्याच्या प्रयोगशाळेचा आकडा हा विकणाऱ्याचा आकडा, एवढीच साधी समजूत दोन्हीकडे होती. 2012 साली खाणी बंद पडल्या, आमची प्रयोगशाळाही थंडावली, पण ती तीन पाकिटं डोक्यातून गेली नाहीत.

गोव्याच्या लाल मातीला पंच मिळतो. मुलीच्या अंगठीला मात्र नाही.

आता त्या तक्त्याकडेच वळू. हा तक्ता अमेरिकेतून आला. जीआयए (जेमोलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका) ही संस्था 1931 साली स्थापन झाली, चार 'सी' हा शब्दप्रयोग तिने 1940 च्या दशकात रूढ केला आणि 1953 च्या सुमारास रंगाची डी ते झेड ही मोजपट्टी आणली. सुरुवात 'ए'पासून का नाही? कारण ए, एए, एएए ही अक्षरं व्यापाऱ्यांनी आधीच वाटेल तशी वापरून गुळगुळीत करून टाकली होती. शिस्त आणण्यासाठी संस्थेने कोरी अक्षरं घेतली. म्हणजे मोजपट्टी मुळात चांगल्या हेतूने आली, यात वाद नाही. पण ती काय मोजते हे काउंटरवर कुणी सांगत नाही.

रंगाची पट्टी घ्या. डी, ई, एफ म्हणजे रंगहीन, जी ते जे म्हणजे जवळजवळ रंगहीन. डी आणि एफ मधला फरक ओळखायला हिरा पांढऱ्या कागदावर पालथा ठेवून शेजारी प्रमाण खडे ठेवावे लागतात. बोटात घातल्यावर, तेही पिवळ्या सोन्याच्या कोंदणात, तो फरक घरातल्या कुणाच्याही बापजन्मी लक्षात येणार नाही. शुद्धतेचंही तसंच. ती दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली ठरते. व्हीव्हीएस आणि व्हीएस या शुद्धतेच्या वरच्या श्रेणींत जो बारीक ठिपका असतो-नसतो, तो नुसत्या डोळ्याला दिसतच नाही. मग या वरच्या श्रेणींचे पैसे कशाचे? दुर्मिळपणाचे. असे खडे जमिनीतून कमी निघतात, म्हणून महाग. त्यात वावगं काही नाही, दुर्मिळ नाणीही महाग असतात. पण ग्राहकाला वाटतं की आपण जास्त देखणा हिरा घेतोय, आणि विकणारा ती समजूत दूर करत नाही.

याचा पुरावा त्याच संस्थेने नुकताच दिला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांना नैसर्गिक हिऱ्यांसारखी रंगाची आणि शुद्धतेची सविस्तर श्रेणी देणं जीआयएने 2025 मध्ये थांबवलं. आता त्यांच्यासाठी 'प्रीमियम' आणि 'स्टँडर्ड' असे दोनच शब्द. कारण उघड आहे. ते बहुतेक खडे वरच्याच दोन-चार श्रेणींत बसतात. सगळेच पहिल्या वर्गात पास होऊ लागले तर गुणपत्रिकेला अर्थ राहत नाही.

कॅरेटचा गोंधळ वेगळाच. सोन्याचं कॅरेट म्हणजे शुद्धता, हिऱ्याचं कॅरेट म्हणजे वजन. एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम, त्याचे शंभर सेंट. आमच्या शेजारच्या खुर्चीवरचे एक गृहस्थ "बावीस कॅरेटचा हिरा दाखवा" म्हणाले. कुणी हसलं नाही, मीही नाही. दोन वेगळ्या मापांना एकच नाव ठेवलं तर माणूस गोंधळणारच. शिवाय वजन दुप्पट झालं की हिरा दुप्पट दिसेल हीही समजूत पक्की. नीट कापलेला एक कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटर रुंद असतो, अर्ध्या कॅरेटचा पाच मिलिमीटरच्या किंचित वर. वजन दुप्पट, पण रुंदीत फरक सव्वा-दीड मिलिमीटरचा. किंमत मात्र दुपटीहून बरीच पुढे जाते.

राहिला कट. आपल्याकडे पैलू पाडणं म्हणतात. चारांत हा एकच गुण पूर्णपणे माणसाच्या हातचा, आणि डोळ्याला दिसणारा जवळजवळ सगळा फरक इथेच. आमच्या आज्या 'पाणीदार हिरा' म्हणायच्या. त्या पाण्यात खड्याचा निर्मळपणा येत असेल, पण ते खेळतं राहतं पैलूंच्या कोनांमुळे. वरून शिरलेला उजेड तळाच्या पैलूंवर दोनदा आपटून पुन्हा वर, बघणाऱ्याच्या डोळ्याकडे आला पाहिजे. तळ फार खोल असला तर उजेड बाजूने निसटतो आणि खडा मध्यभागी काळवंडतो. फार उथळ असला तर कमरेचं, म्हणजे खड्याच्या सर्वांत रुंद कडेचं, प्रतिबिंब आत पांढरट कड्यासारखं दिसतं. या दोषाला धंद्यात काय म्हणतात माहीत आहे? 'फिश आय'. माशाचा डोळा! वहिनीला हे सांगितलं तेव्हा ती खुर्चीत पहिल्यांदा पुढे सरकून बसली. मासळीचा डोळा स्वच्छ हवा, हिऱ्यात तो दिसताच कामा नये, एवढं तिला एका वाक्यात कळलं. तक्त्याने पाच मिनिटांत जे जमलं नव्हतं ते इथे झालं.

तर मुलाने दोन खडे काढले. काळी मखमल, वर चार स्पॉटलाइट. दोन्ही असे काही चमकत होते की काचेचा तुकडा ठेवला असता तर तोही चमकला असता. "दोन्ही जी, दोन्ही व्हीएस-टू," तो म्हणाला, "पण हा पूर्ण पन्नास सेंटचा आहे, तो सत्तेचाळीस." पन्नासवाला चौदा हजारांनी महाग. भाचीचा हात पन्नासकडे गेला. साहजिक आहे, अर्धा कॅरेट म्हटलं की ऐकायला भरीव वाटतं.

मी म्हटलं, "हे दोन्ही जरा दाराशी नेऊन बघू या का?"

मुलगा थोडा घुटमळला. मग त्याने व्यवस्थापकाकडे बघितलं, व्यवस्थापकाने सुरक्षा रक्षकाकडे, आणि आम्ही चौघं-पाच जण मिरवणुकीसारखे काचेच्या दारापर्यंत गेलो. बाहेर पाऊस धरून आलेला, करडा, सारखा पसरलेला उजेड. हिरा बघायला याहून चांगला उजेड नाही, कारण तो कुणाची भलामण करत नाही. भाचीने मुठीच्या खळग्यात दोन्ही खडे शेजारी ठेवले, हात हळूहळू कलता केला. सत्तेचाळीस सेंटचा कडेपासून कडेपर्यंत जागा होता. पन्नासवाल्याच्या मध्यात एक काळसर डाग होता आणि हात कसाही फिरवला तरी तो हलत नव्हता. "आत्या, हा झोपलाय," भाची म्हणाली. मी प्रमाणपत्रं मागवली. पन्नासवाला 4.98 मिलिमीटर रुंद, सत्तेचाळीसवाला 5.02. म्हणजे जड खडा वरून बघता किंचित लहानच! त्याची खोली रुंदीच्या 66 टक्क्यांच्या वर, दुसऱ्याची 61 टक्क्यांच्या आत. जादा वजन सगळं पोटात, जिथे ते कुणाला दिसणार नाही. कटच्या रकान्यात एकाला 'एक्सलंट', दुसऱ्याला 'फेअर'. मुलाने रंग सांगितला, शुद्धता सांगितली, वजन सांगितलं. ही ओळ तेवढी वाचली नव्हती.

पैलू पाडणाऱ्याने असं का करावं? कारण कच्च्या खड्यातून कोन साधत कापत गेला तर 47 सेंटचा उरेल, पोट तसंच ठेवलं तर 50 चा. आणि बाजारात अर्ध्या कॅरेटच्या उंबरठ्याला भाव आहे. म्हणजे आपण आकड्याला भुलतो हे सुरतेच्या कारखान्यापर्यंत पोचलेलं आहे. जगातले बहुतेक हिरे तिथेच पैलू पाडून निघतात आणि तिथल्या कारागिराच्या हातात दोन्ही कलांचं कसब आहे, उजेड साधण्याचं आणि वजन राखण्याचं. कुठलं वापरायचं ते शेवटी गिऱ्हाईक ठरवतं.

माझ्या मते ग्राहकाने शिकायचं ते एवढंच, आणि ते शिकायला अर्धा तास पुरतो. दोन खडे शेजारी ठेवा, दिव्यापासून दूर न्या, रुंदी वाचा, कटची ओळ वाचा. दुकानाने तुलना करू दिली नाही तर उठा. (गोल हिऱ्याबद्दल बोलतेय. चौकोनी, बदामी, थेंबासारख्या आकारांना जीआयए कटची श्रेणी देत नाही, तिथे डोळ्यालाच जास्त काम.)

पण डोळ्याची हद्द इथे संपते. पुढे सुरू होतं ते ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

हिरा खरा की खोटा हे ओळखायच्या घरगुती युक्त्या आपल्याकडे खूप. फुंकर मारून बघा, वाफ पटकन उडाली तर खरा. काचेवर रेघ ओढा. एक काळ असा होता की या युक्त्या 'अमेरिकन डायमंड' नावाच्या स्वस्त खड्यापुरत्या थोड्याफार चालायच्या. मग मॉयसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा खडा आला, तो तर दुकानातल्या उष्णता मोजणाऱ्या साध्या यंत्रालाही चकवतो. आणि आता प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा. त्याला खोटा म्हणताच येत नाही. तोही कार्बनच, तोच कठीणपणा, तोच लखलखाट. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने 1950 च्या दशकातच तो बनवून दाखवला होता. आता भारतातही तो मोठ्या प्रमाणावर तयार होतो. 2023 मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरेटचा असाच हिरा भेट दिला. घ्यायला काहीच हरकत नाही. मी स्वतः घ्यायची असती तर कदाचित तोच घेतला असता, कारण त्याच पैशात मोठा मिळतो. मात्र त्याचा भाव गेल्या काही वर्षांत सपाटून खाली आलाय आणि परत विकायला गेलं तर हातात फारसं काही पडत नाही. म्हणून तो काय आहे हे घेणाऱ्याला आधी कळलं पाहिजे. आणि ते भिंगातून कळत नाही, जुन्याजाणत्या शेटांनाही कळत नाही. त्याला वर्णपट तपासणारी महागडी यंत्रं लागतात.

मूळ लपवून भाव मिळवणं गोव्याला नवं नाही. सोळाव्या-सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या बाजूचे हिरे गोव्याच्या बाजारातून युरोपात जायचे. मग अठराव्या शतकात पोर्तुगीजांना ब्राझीलमध्ये हिरे सापडले आणि युरोपातल्या व्यापाऱ्यांनी नाकं मुरडली की हे भारतातले नव्हेत, कमअस्सल असणार. जुन्या ग्रंथांत असं लिहिलेलं आढळतं की पोर्तुगीजांनी मग ब्राझीलचे खडे आधी गोव्याला आणले आणि इथून 'हिंदुस्थानी' म्हणून युरोपात धाडले. खडा तोच, फक्त वाट बदलली, आणि भाव चढला. आजच्या धंद्यात नैसर्गिकांच्या पुडीत चार प्रयोगशाळेतले मिसळले जातात ही भीती आहे, ती त्याच जातकुळीतली.

याच गोव्यात 1563 साली गार्सिया द ओर्ता या वैद्याने आपला ग्रंथ छापला. त्यात हिऱ्यावर एक संवाद आहे. हिरा घणाखाली फुटत नाही, बोकडाच्या रक्तानेच मऊ होतो, तो विष आहे, अशा युरोपात मान्य असलेल्या गोष्टी त्याने खोडून काढल्या. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही उत्तम हिऱ्याच्या लक्षणांत 'घाव सोसणारा' असं आहेच. ओर्ता म्हणतो की इथे लोक हिरा सरळ कुटतात आणि त्याच भुकटीने दुसरे हिरे घासतात. तो बरोबर होता. कठीण असणं वेगळं, न फुटणं वेगळं. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला त्याचं नाव आहे, तिथे संध्याकाळी बसणाऱ्या किती जणांना तो ठाऊक असेल कोण जाणे. पुस्तकात काय लिहिलंय ते राहू दे, फोडून बघू, हा बाणा आवडतो. पण अंगठीतला हिरा फोडून बघता येत नाही.

इथे सरकारचं काम सुरू होतं. सोन्याच्या बाबतीत ते झालं, उशिरा का होईना. जून 2021 पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-आकड्यांच्या क्रमांकाशिवाय नवा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक मोबाईलवर घालून कुणीही पडताळू शकतो. कस लावायची विद्या न शिकता वहिनी आज निर्धास्त सोनं घेते, कारण पंच आहे. पण हा हॉलमार्क फक्त धातूचा. हिऱ्याच्या अंगठीवर आत 750 कोरलेलं असतं ते 18 कॅरेट सोन्यासाठी, वरच्या खड्याबद्दल तो शिक्का चकार शब्द बोलत नाही. 'हॉलमार्क असलेला हिरा' असं मी दुकानात कानांनी ऐकलं आहे आणि ऐकणारे खूश झालेलेही पाहिले आहेत.

हिऱ्याबद्दल काहीच झालेलं नाही असं म्हणणार नाही. नुसतं 'हिरा' म्हटलं तर तो नैसर्गिकच असला पाहिजे असं भारतीय मानक 2020 पासून सांगतं. पुढे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने धंद्यातल्या मंडळींशी त्यावर सल्लामसलतही केली. पण मानक ग्रंथालयात राहून भागत नाही, ते बिलावर उतरायला हवं. खाजगी प्रयोगशाळांची प्रमाणपत्रं आहेत, बऱ्याच जणांची चांगलीही आहेत, पण ती विकणारा करून घेतो आणि विकणाराच दाखवतो. शिवाय प्रमाणपत्रावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हे मूल्यांकन नाही आणि हमीही नाही. ते कुणी वाचत नाही. मी वाचते, ती माझी जुनी खोड.

मागणी साधी आहे. हिरेजडित दागिन्याच्या बिलावर खडा नैसर्गिक की प्रयोगशाळेतला हे लिहिणं सक्तीचं करा. हिऱ्याचं वजन आणि सोन्याचं निव्वळ वजन वेगवेगळं लिहा. प्रमाणपत्र असेल तर त्याचा क्रमांक लिहा, जो मोठ्या खड्याच्या कमरेवर लेझरने कोरलेला असतो आणि भिंगातून वाचता येतो. परत घेताना रोख किती टक्के आणि बदल्यात किती टक्के, तेही बिलावरच, तोंडी नको. आणि गोव्याच्या प्रत्येक जिल्ह्यात निदान एकेक तपासणी केंद्र असं हवं जिथे ग्राहक स्वतः जाऊन, शुल्क भरून, दुकानाला मध्ये न घेता खडा तपासून घेऊ शकेल. सोन्याची हॉलमार्क केंद्रं आहेत, त्यांतल्याच काहींना यंत्रं देऊन मान्यता द्यायला काय हरकत आहे?

यावर एक आक्षेप मला ऐकवला गेला आणि तो मी हलका मानत नाही. आमच्या घरचे सोनार, तिसऱ्या पिढीतले शेट, म्हणाले, "बाई, दोन-दोन सेंटचे वीस खडे एका कुडीच्या जोडात बसतात. एकेकाचं प्रमाणपत्र काढायचं तर खड्याहून कागद महाग. मोठ्या कंपन्यांना परवडेल, आम्ही मरू." त्यांचं खरं आहे. एकेका कणाला प्रमाणपत्र मागणं हा वेडेपणा होईल. मी तो मागत नाही. पण 'नैसर्गिक' हा एक शब्द आणि एकूण वजन लिहायला शाई सोडून काय लागतं? त्यांच्या पुरवठादाराने त्यांना ते लिहून द्यावं, त्यांनी आम्हाला. शंका आली तर त्या कुड्या केंद्रात जातील. शेट पुढे म्हणाले की पूर्वी विश्वासावर चालायचं. चालायचं, मान्य. पण त्या विश्वासामागेही पंच होता. जत्रेत, लग्नात, देवळाच्या पायरीवर रोज तोंड दाखवावं लागायचं, खोट काढली तर अख्खा वाडा बोलायचा. आज काउंटरवरच्या मुलाची सहा महिन्यांत दुसऱ्या शहरात बदली होते. त्याला तोंड दाखवायचं नसतं आणि तो वाईट मुलगाही नसतो.

ग्राहक आयोग आहेत, हे मला माहीत आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्कही पडत नाही. पण तिथे जायला हातात काय हवं? कागद. कागदावर खडा काय आहे हेच लिहिलेलं नसेल तर आयोग तरी काय वाचणार?

भाचीने सत्तेचाळीस सेंटचा घेतला. पैसे भरायच्या वेळी मी म्हटलं, बिलावर 'नैसर्गिक' लिहा आणि परत घेण्याची अट लिहा. मुलाने कीबोर्ड बडवला, पडद्याकडे बघितलं, मग म्हणाला, "मॅडम, सिस्टीममध्ये तो कॉलमच नाहीये." व्यवस्थापक आले. त्यांनीही पडद्याकडे बघितलं. वीस मिनिटं गेली, चहा आला, बाहेर पाऊस कोसळायला लागला. शेवटी त्यांनी खिशातलं पेन काढलं, छापील बिल उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला हाताने दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली. शिक्का शोधायला आणखी दहा मिनिटं लागली. तो जीएसटीचा होता की आवक-जावकचा मला वाचता आलं नाही, शाई फार फिकी होती. वहिनीने ते बिल प्लास्टिकच्या पिशवीत घालून पदराआड धरलं आणि आम्ही तिघी पावसात रिक्षा शोधायला लागलो.